मिरवणुकीच्या बाजूची गॅलरी

२ सप्टें., मंगळ.
पहिल्या मजल्यावर तोरणाची एक बाजू सुटली होती, ती ठोकायला गेलो. डोक्यावरच्या तुळईला खिळा लावला तो हातोडीशिवाय आत गेला. अंगठ्यानेच. त्या तुळईवर आमची, दुसऱ्या मजल्याची रस्त्याकडची गॅलरी.
गणपतीआधी चाळीतल्या पोरांनी तिला हिरवा ऑइलपेंट मारला. बाहेरून नवी दिसते.

३ सप्टें., बुध.
शेजारच्या सावंतकाकांना दाखवलं. त्यांनी वर जाऊन गॅलरीत दोनदा उडी मारली. "हलली काय रे? बर्म्याचा सागवान असा ता. तुझो आजो हयसूनच विसर्जन बघी."
मी खाली उभा होतो. माझ्या केसांत भुसा पडला.
मालकाला फोन केला. म्हणाला, चाळ पाडायचीच आहे, आता कसली दुरुस्ती.

४ सप्टें., गुरु.
आईला म्हटलं, यंदा ताईला बोलावू नको. ती कणीक मळत होती, थांबली नाही. "लालबागचं माहेर असून भायखळ्याला सासरी बसून बघेल ती? पंखा पडेल म्हणून लहानपणी दाराशी झोपायचास तू."
खरं आहे. पंखा अजून पडलेला नाही.

५ सप्टें., शुक्र.
जिन्यापाशी गॅलरीच्या तोंडावर दोरी बांधली. पाटी लावली, 'येथे गर्दी करू नये'. अक्षर चांगलं आलं.
संध्याकाळी दोरीवर कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. पाटी त्यांच्यामागे.

६ सप्टें., शनि. अनंत चतुर्दशी
ताई, भावजी, त्यांची चिमी सकाळीच आले. भावजी म्हणाले, "काय इंजिनियर, दहावी सुटली का?" सगळे हसले. मीही.
प्रत्येक खोलीत पाहुणे. भोईवाड्याचे, माटुंग्याचे. सगळे गॅलरीतच, मोठा रस्ता दिसतो तो तिथूनच. सावंतकाकांनी दोरी सोडून माझ्या हातात दिली.

दुपार. चिमीला खाटेवर धरून बसलोय, एका हाताने लिहितोय. ती रडते. "मामा, बाप्पा जाईल ना." ढोल परळकडून पुलाखाली आले. खाट थरथरते की मी, कळत नाही.
आईला हाक मारली, आत ये. तिने वळून पाहिलं. "वर्षातून एकदा दारावरून जातो रे. तूच ये, पोरीला घेऊन."
कठड्याला टेकून उभी आहे. शेजारी कुणाला येऊ देत नाही. माझी जागा धरली आहे.