अव्वाला मोडेना ती भाकरी

मंगळवार, संध्याकाळ

हसावं की रडावं तेच कळेना. आज दुपारी माझी आई, आमची अव्वा, गावाकडून, वळसंगहून आली आणि मी शाळेत शिकवून घरी पोचायच्या आत माझी ताटलीच आमटीबरोबर खायला घेऊन बसली! ज्वारीचं भुसकट चिंचोक्याच्या खळीत मळून साच्यात दाबलेली ताटली. सगळ्या गच्चीवर वाळत होत्या. गोल, तांबूस, कडा जरा वर वळलेल्या. अव्वाला वाटलं, कडक भाकऱ्याच.

मी दारात आले तर ती दोन्ही हातांनी मोडू बघतेय. मग गुडघ्यावर दाबून.

"कसली गं ही भाकरी? मोडंनाच की!"

मोडेना! आठ महिने मी या ताटल्या करून बघतेय, पण नुसत्या मोडतच होत्या. हातात घेतली की कट्कन तुकडा. आमचे हे ते तुकडे टोपलीत भरून बंबात घालायचे. ते फार लागायचं. या खेपेला तर जोर लावून बघायची माझी हिंमतच झाली नव्हती. का एवढी भ्याले मी? आणि अव्वाचे हात म्हणजे, कडक भाकऱ्या मोडण्यात जन्म गेलाय त्यांचा.

तिला सांगितलं, "अगं, आपल्याच रानातलं भुसकट आहे हे. तू दरवर्षी पेटवून देतेस ना, तेच."

"व्हय? हे आपलं?"

तिने पुन्हा एकदा मोडून बघितली. मग त्याच ताटलीत खरी भाकरी ठेवली, शेजारी शेंगाचटणी वाढून घेतली आणि जेवायला बसली.