जाकिटाचं बटण

प्रिय बाईसाहेब,

असं म्हटलं की तू नाक मुरडतेस, म्हणून मुद्दाम तेच लिहिलं. निदान नाक मुरडताना तरी तू डोळ्यांपुढे उभी राहतेस.

चिरंजीव रोज घरी येऊन सांगत असतील, बाबा मजेत आहेत, नुसता आराम चाललाय. आराम कसला डोंबलाचा! छातीला वायरी चिकटवल्यात आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाला एक यंत्र आहे. मी कूस बदलली की ते बोंब मारतं. मग नर्स येते, यंत्राकडे बघते, त्याचा आवाज बंद करते आणि जाते. माझ्याकडे कुणी बघतच नाही. खाटेशेजारी खिडकी आहे, पण तिला कडी नाही की मूठ नाही. उघडायची नसते म्हणे.

अंगातल्या झग्याबद्दल तर बोलूच नकोस. जन्मभर लोकांची मापं घेतली आणि माझ्या नशिबी हा! नाड्या पाठीला, त्यातली एक तुटलेली. उठलो की मागचा सगळा कारभार उघडा. नर्सकडे सुई-दोरा मागितला, तर मी चाकू मागितल्यासारखं तिने बघितलं. त्यामुळे एका हाताने झगा गच्च धरायचा, दुसऱ्या हाताने सलाईनचा खांब ढकलायचा, अशी माझी संडासापर्यंत वरात निघते.

ऑपरेशनसाठी दोनदा सकाळपासून उपाशी ठेवलं आणि दुपारी सांगितलं, आज नाही. का नाही, ते कुणी बोललं नाही. मोठे डॉक्टर पायथ्याशी उभे राहून फायलीशी बोलतात आणि मग आपल्या चिरंजीवांना बाहेर घेऊन जातात. तो परत येतो तो तोंड एवढंसं करून, आणि म्हणतो, सगळं ठीक आहे बाबा. अगं, मी साध्या पँटची शिवण उसवायची तरी गिऱ्हाइकाला आधी दाखवायचो. इथे माझी छाती उसवणार आणि मलाच पत्ता नाही.

आता उद्या नक्की म्हणतात. आईला घेऊन ये, असं त्याला किती वेळा सांगितलं. पास एकच मिळतो, आणि आईला हे बघवणार नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याचा जीव आहे आपल्यावर, त्यामुळे धड रागावताही येत नाही. पण तुला काय बघवतं ते त्याला काय ठाऊक! मशीनची सुई माझ्या बोटात आरपार गेली होती, ती तूच चिमट्याने उपसलीस. चक्कर येऊन पडलो तो मी.

मला भीती वाटते गं. ऑपरेशनची वाटतेच, पण तुला न बघता आत जायची जास्त वाटते.

तर आता नीट वाच. बटण लावायच्या आधी तू सगळे खिसे चाचपतेस, म्हणून हा कागद तुला त्याच्या जाकिटाच्या चोरखिशात सापडला असेल. बटण आपोआप तुटलेलं नाही. तो डॉक्टरांबरोबर बाहेर गेला तेव्हा जाकीट खाटेवरच होतं. दोरा मीच तोडला. माझ्याच हातचा टाका, अगदी जिवावर आलं. शिंप्याचा मुलगा असून त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, तेव्हा जाकीट तुझ्याचकडे येणार हे नक्की. लहानपणी तो सगळं हरवायचा म्हणून मी त्याच्या प्रत्येक कपड्याला चोरखिसा लावत आलो, आणि अजूनही जपायची वस्तू तो तिथेच ठेवतो. पुन्हा हात घाल, पास तळाशी आहे. सकाळी तो उठायच्या आत नीघ. दारावरचा माणूस पास बघतो, तोंड बघत नाही. चिरंजीवांना थोडा वेळ खाली बसू दे, बाहेर थांबणं काय असतं ते त्यालाही कळेल. बटण नंतर सावकाश लाव. येताना सुई-दोरा मात्र विसरू नकोस. ती तुटलेली नाडी तू लावून दिलीस की मग मी आत जाईन.

तुझाच,
खिडकीजवळच्या खाटेवरचा शिंपी