तांबडीला पाजलेलं पाणी

बाबा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि वयाने मी आता तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी झाले आहे. तेव्हा आज थोडं मोठ्या माणसासारखं बोलले तर चालवून घ्या. परवा नातीने विचारलं, आजी, तुझे बाबा काय काम करायचे? मी म्हटलं, अंधेरीला घोड्यांकडे होते, मोतद्दार. तिला वाटलं चौपाटीवर टांगा हाकत होते. मग तिला सगळं सांगत बसले. तबेल्यातले अकरा घोडे, दारावरची पाटी, तिच्यावर रोज सकाळ-संध्याकाळ खडूने लिहिलेला प्रत्येकाचा ताप. घोड्याला थर्मामीटर कुठे लावतात हे कळल्यावर ती हसून हसून लोळली. सगळं सांगितलं, फक्त पुण्याचं सांगितलं नाही. आज मुलगा आणि सून नातीला घेऊन खारदांड्याला सुनेच्या माहेरी गेलेत. बोरिवलीच्या या घरात मी एकटी आहे आणि ती तांबडी घोडी डोक्यातून जात नाही.

तुमच्या त्या नियमांनी आम्हाला किती पिडलं होतं, बाबा. प्रत्येक घोड्याची बादली वेगळी, तिच्यावर वेगळ्या रंगाचा पट्टा. खरारा वेगळा, तोबरा वेगळा, नाक पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. स्पर्धेला जायच्या आधी दहा दिवस ताप बघायचा आणि अर्धा अंश जरी वर गेला तरी तो घोडा जायचा नाही, मग तबेल्याचे मालक, शेठ, कितीही ओरडोत. स्पर्धेहून परत आलेला घोडा तीन आठवडे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एकटा. त्याचं सगळं तुम्हीच करायचात आणि ते कपडे अंगावर असेपर्यंत बाकीच्या घोड्यांकडे फिरकायचा नाहीत. घरी आलात की मोरीत आधी आंघोळ, कपडे वेगळ्या पातेल्यात उकळायला, मगच जेवण. आई चुलीपुढून म्हणायची, "इला तुमचा सोवळा." आपल्या घरात, आपल्या वस्तीत सोवळं हा शब्द कसा ऐकू यायचा ते तिला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच ती तो वापरायची. तुम्ही हसायचात. एकदा मी दुसऱ्या तबेल्यातून आलेल्या एका पांढऱ्या शिंगराला कुरवाळून तशीच तांबडीकडे गेले, तेव्हा मात्र तुम्ही माझ्या हातावर फटका मारलात. "आदी हात धुव, मगे तिका हात लाय. तुका कितींदा सांगलंय?" मी वीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते. सगळ्यांसमोर मार खाल्ल्यामुळे मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

हे कुठून आलं ते तुम्ही एकदाच सांगितलंत. बांगड्याचं कालवण होतं, आई भाकऱ्या थापत होती, आणि तुम्ही ताटाकडे बघत बोलत होतात. माझ्या जन्माआधी तुम्ही दुसऱ्या एका तबेल्यात झाडलोटीला होतात. शर्यतीहून एक घोडा खोकत आला. कुणी लक्ष दिलं नाही. महिन्याभरात सगळा तबेला आजारी पडला, एक घोडी तुमच्या मांडीवर गेली. पाणी पाजायचं काम तुमचं होतं, एकच बादली घेऊन तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचात. "बादली माझ्याच हातात होती गो," तुम्ही म्हणालात. त्याच जेवणात, पाण्याचाच विषय निघाला म्हणून असेल, गावच्या विहिरीचंही सांगितलंत. लहानपणी आपल्या लोकांनी कठड्याला हात लावायचा नाही. खाली उन्हात बसून राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओंजळीत ओतणार. कधी कधी दुपार व्हायची. तुम्ही हे मासळीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगितलंत आणि आणखी अर्धी भाकरी मागितलीत. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

तांबडीवर मी बसायला लागले ते शेठच्या मेहेरबानीने, असं सगळे म्हणायचे. खरं तर तुमच्यामुळे. पहाटे घोडे फिरवायला माणूस कमी पडायचा आणि तुम्ही मला बसवायचात. मग एकदा शेठने मला तांबडीवरून अडथळे ओलांडताना पाहिलं. त्यांच्या भाचीचं मनगट मोडलं तेव्हा पुण्याच्या स्पर्धेला तिच्या जागी कोण, असा प्रश्न आला आणि ते म्हणाले, हिलाच पाठवू या. तुम्ही दुसऱ्या दिवशी कुठूनसे जुने बूट घेऊन आलात, नवीन तळ मारलेले, चार दिवस तेल चोळून मऊ केलेले. पायात घालून मी वस्तीतल्या गल्लीत अशी चालले की शेजारच्या मावशी म्हणाल्या, गं बाई, आता आमच्याशी बोलशील ना? मी बोलले, पण जरा वरूनच बोलले असेन.

ट्रक तुम्ही स्वतः धुतलात. आधी फिनेल, मग चुना, मग उन्हात उभा. ड्रायव्हर म्हणाला, काय चाचा, नवरी बसवायचीय का आत? पाण्याचे दोन ड्रम अंधेरीहून भरून घेतलेत. घाटात एका ड्रमचं झाकण निसटलं आणि खोपोलीपासून वर आपण सांडत सांडत गेलो. दुसरा ड्रम पुण्याला दुसऱ्या दिवशी दुपारी संपला. मैदानावरचा नळ संध्याकाळशिवाय यायचा नाही. घोड्यांसाठी सिमेंटचा मोठा हौद होता, झाडाखाली, गार. बारा गावचे घोडे येऊन त्यात तोंड घालत होते. तुम्ही आपली लाल पट्ट्याची बादली उचललीत आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलातून पाणी आणलंत. येताना निम्मं तुमच्या सदऱ्यावर सांडलं होतं. तांबडीने ते एका दमात संपवलं आणि बादली नाकाने ढकलली. तुम्ही पुन्हा निघालात.

तेवढ्यात तो म्हातारा मोतद्दार आला, फेटेवाला, सकाळपासून तुमच्याबरोबर एकाच चंचीतली तंबाखू खाणारा. संध्याकाळी आमच्या चुलीवर जेवायला या, पोरीलाही आणा, असं तो सांगून गेला होता. भला माणूस होता. म्हणाला, "कशाला हेलपाटं घालताय? आना की घोडी हौदावर." तुम्ही म्हणालात, नको, तिला घरच्या बादलीची सवय आहे. त्याने पुन्हा आग्रह केला. तुम्ही पुन्हा नको म्हणालात, हात जोडून म्हणालात, पण नको म्हणालात. त्याचा चेहरा उतरला. "का वो? आमचा हौद बाटलाय व्हय?" तो मोठ्याने बोलला. आजूबाजूचे दोघंतिघं थांबले. पलीकडे स्पर्धेला आलेल्या मुली उभ्या होत्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या विजारी, त्यांच्यातली एक सकाळी माझ्याशी इंग्रजीतून बोलली होती आणि मी बरी उत्तरं दिली होती. त्या आमच्याकडे वळून बघायला लागल्या.

आणि मी बोलले. "गावात तुम्हाला विहिरीला हात लावू देत नव्हते ना? मग तुम्ही आता काय वेगळं करताय?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने पाहिलं असतंत तर मला आज बरं वाटलं असतं. तुम्ही बादली खाली ठेवलीत, तांबडीचा दोर सोडलात, तिला हौदावर नेलंत आणि ती पीत होती तोवर तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिलात. ती खूप वेळ प्यायली. म्हाताऱ्याने एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, बरं बरं म्हणाला आणि निघून गेला. त्याला हवं ते झालं होतं तरी तो थांबला नाही. संध्याकाळी त्यांच्या चुली पेटल्या, पिठल्याचा वास येत होता, आणि आपल्याला बोलवायला कुणी आलं नाही. तुम्ही ट्रकच्या पायरीवर बसून पाव खाल्लात. तंबाखूची चंची तुमच्यापुढे पुन्हा कुणी धरली नाही. आपण कोण, हे त्या मैदानावर कुणी विचारलं नव्हतं, सांगितलं मी.

दुसऱ्या दिवशी तांबडी सुरेख उडाली, आमचा तिसरा नंबर आला. तुम्ही तिला खरारा करता करता म्हणालात, "बरी उडलात दोगांय." दोघी बऱ्या उडालात. तुमच्या तोंडून एवढं म्हणजे फार झालं.

परत आल्यावर तुम्ही तिला पत्र्याच्या शेडमध्ये नेलंत, नेहमीसारखं. या वेळी मात्र मला तिच्या जवळसुद्धा येऊ दिलं नाहीत, मी कुंपणाबाहेरून बघायची. आठव्या दिवशी तिने चंदी खाणं सोडलं. मग ताप, मग नाकातून पू, मग जबड्याखाली गाठ. ही गाठ पिकून बाहेर फुटली की बहुतेक घोडे वाचतात, असं तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्ही मिठाच्या गरम पाण्याने शेकत बसायचात, सकाळभर, दुपारभर. गाठ आत वाढत गेली. तिचा श्वास रस्त्यावर ऐकू यायला लागला. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी घालून पाहिली. आजारपणाच्या बाराव्या दिवशी दुपारी ती गेली. मी कुंपणाची तार धरून उभी होते आणि तुम्ही आतून ओरडत होतात, येव नको, येव नको. तिला शेवटचा हातही लावू दिला नाहीत.

हात धुता धुता डॉक्टरांनी विचारलं, "बाहेर कुठे सगळ्यांच्या हौदावर पाणी प्यायली होती का?" शेठही तिथेच उभे होते. तुम्ही म्हणालात, "होय. मीच पाजलं." डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही, हा रोग ट्रकमधूनही येतो, कुठूनही येतो. तुम्ही म्हणालात, ट्रक मी धुतला होता. शेठ खूप बोलले. जगाला शिकवणारे तुम्ही आणि तुम्हीच, असं काय काय. मी कुंपणाच्या अलीकडे होते, दहा पावलांवर, सगळं ऐकत होते. माझं तोंड उघडलं नाही. बाकीच्या दहा घोड्यांना काहीही झालं नाही, एकालाही साधी शिंक आली नाही. ते कुणामुळे, हे कुणी बोललं नाही. जे होत नाही त्याबद्दल कोण कशाला बोलेल? पण त्यानंतर घोड्यांबरोबर बाहेरगावी जायला शेठने दुसरा माणूस ठेवला. तुम्ही ट्रक धुऊन द्यायचात, ड्रम भरून द्यायचात, आणि फाटकाशी उभे राहायचात. नोकरी सुटेपर्यंत, सात वर्षं.

मी पुन्हा घोड्यावर बसले नाही. तुम्ही एकदाच म्हणालात, "बस गो घोड्यार. घोड्यांनी काय केलां?" मी अभ्यासाचं कारण सांगितलं. पुढे महापालिकेत नोकरी लागली, लग्न झालं, वर्षं गेली. पुण्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, आईकडेसुद्धा नाही. घाटकोपरच्या इस्पितळात तुम्ही होतात तेव्हा रोज ठरवून यायची की आज बोलायचं. आणि खाटेजवळ बसून रिक्षावाला कसा लांबून फिरवून आणतो ते सांगायची. तुम्ही डोळे मिटून हं हं म्हणायचात.

त्यानंतरच्या वर्षांत मी हे स्वतःला बऱ्याच चांगल्या शब्दांत समजावलं. मी शिकलेली होते, वस्तीतल्या सभांना जायची, अन्याय दिसला की बोलायचं असं तुम्हीच शिकवलं होतं. तत्त्वासाठी बोलले, चूक झाली, तरुण होते. नवऱ्याला असंच सांगितलं. त्याला पटलं, तो उलट माझंच कौतुक करायला लागला, तेव्हा मात्र मी विषय बदलला. कारण बादली आणि विहीर यातला फरक मला त्या दिवशीही कळत होता, बाबा. तुम्ही माणसाला दूर ठेवत नव्हतात, रोगाला ठेवत होतात, आणि हे त्या मैदानावर माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी बोलले ते विहीर आठवली म्हणून नाही. त्या मुली बघत होत्या. तुमचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता, हात जोडून तुम्ही एका म्हाताऱ्याशी हुज्जत घालत होतात, आणि तुम्ही माझे बाबा आहात हे त्यांना कळायला नको होतं. मला तुमची लाज वाटली. लाज वाटते असं म्हणता येत नव्हतं, म्हणून विहीर म्हटलं.

हे पाठवायचं असतं तर ही शेवटची चार वाक्यं मी लिहिली नसती.