करुणाच्या डब्याबाबत

हिंगोली, मे २००३

आदरणीय जळबा दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, रत्नपालचा, मनापासून जयभीम. ताईलाही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या फळीवर ठेवून नुसत्या बघत असाल, तर त्यानं गुडघा बरा होत नाही, एवढं मेहुणा म्हणून बोलतो. इकडं सगळे ठीक. हे पत्र नेहमीसारखं ताईला शेजारी बसवून मोठ्यानं वाचा. ती हसावी म्हणून आधी बोकडाची हकीकत लिहितो.

माझ्याकडं अजून ठाण्यातली मुद्देमालाचीच खोली आहे. (लोकांना वाटतं पोलीस चोरामागं धावतो. मी चोरांच्या सामानामागं धावतो.) गुन्ह्यात जे जे जप्त होतं ते निकाल लागेपर्यंत सांभाळायचं. कुऱ्हाडी, सायकली, हातभट्टीच्या दारूचे कॅन. त्यातला एक कॅन उन्हानं फुगून फुटला, तेव्हा फिर्याद द्यायला येणारी माणसं नाकाला रुमाल लावत होती, पण काम संपल्यावरही रेंगाळत होती. तर परवा जवळा बाजार गावातून चोरीला गेलेला एक बैल सापडला. नियम असा, की मुद्देमालाला पंचांच्या सह्यांची चिठ्ठी बांधून लाखेचं सील करायचं. बैलाला सील कुठं करणार? शिंगाला बांधली चिठ्ठी. शेजारी दुसऱ्या गुन्ह्यातला बोकड होता. बैल बसला आणि बोकडानं ती चिठ्ठी सह्यांसकट, लाखेसकट खाल्ली. एका मुद्देमालानं दुसऱ्याचा पुरावा नष्ट केला, हे वर कळवायचं कसं? मी आपला अर्ज लिहिला. नव्या साहेबांनी गंभीरपणे विचारलं, बोकडाचा जबाब घेतला का. त्यात बोकडाची मालकीण आशाबाई भेटायला आली, तिनं मलाच झापलं. "माह्या बोकडाला कागद काहून चारून राहिले हो तुमी? त्याला काही तकलीफ झाली तं कोन पाहीन?" चार माणसांत मी तिची माफी मागितली. बोकड मजेत आहे.

या नव्या साहेबांना स्वच्छतेचं फार वेड आहे. त्यांनी खोलीची तपासणी काढली आणि जुन्या फळीवर त्यांना स्टीलचा डबा दिसला. (ताई, तू रडू नकोस, पुढं ऐक.) तुम्हाला माहीतच आहे, करुणा दहावी पास झाली म्हणून मी सेनगावात झाकणावर नाव घालून घेतलं होतं, 'चि. करुणास रत्नपाल मामाकडून'. कोर्टात त्याची सीलबंद पिशवी उघडली गेल्यापासून ते नाव उघडंच होतं. साहेबांनी वाचलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हवालदार, पुराव्याच्या खोलीत घरचा डबा ठेवता? आजच घेऊन जा." शिपाई हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. मग सांगितलं, की साहेब, डबा घरचाच आहे, पण सेनगावच्या रस्त्यावर जीप उलटून माझी भाची गेली त्या गुन्ह्यातला आहे. साहेबांनी टोपी काढून हातात धरली. माणूस वाईट नाही.

दाजी, त्या केसचा निकाल लागून गेला. डबा वडिलांना परत द्यावा, असा हुकूम आहे. दोनदा नोटीस आली, तुम्ही आला नाहीत. का आला नाहीत ते मला कळतं, मीसुद्धा त्या फळीकडं पाठ करूनच बसतो. पण आता जे कोणी नेलं नाही त्याचा पुढच्या बाजारी लिलाव आहे. भंगारवाले किलोवर नेतील. मला तो घेता येत नाही, झाकणावर माझं नाव असलं तरी मालक तुम्ही. या आणि घेऊन जा. मला फार एकटं वाटतं त्या खोलीत.

आणि ताई, तू मला दर भेटीत विचारतेस, "रतन, सकाळी म्या रागं भरले व्हते, लेकरू जेवलं तरी व्हतं का रे?" दर वेळी मी विषय बदलतो. आज सांगतो. डबा माझ्यासमोर उघडला होता. रिकामा होता, भाकरीचा तुकडासुद्धा नव्हता. पोटभर जेवूनच परत निघाली होती. तुझा राग तिनं मनात धरला नव्हता.

तुमचा,
रत्नपाल

ता. क. ताईला वाचून दाखवणं इथं थांबवा. "झालं पत्र" म्हणा. ती उठून कामाला लागली की मग पुढचं मनातल्या मनात वाचा.

ता. क. दुसरा. दाजी, डबा भरलेला होता. दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, सगळं ताईनं बांधलं तसंच. पंचनाम्यातही तसंच लिहिलंय. वस्तू ताब्यात देताना तो मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत आहे आणि हे साहेब एक ओळ सोडत नाहीत. ताई सोबत यायचा हट्ट धरील. काहीही कारण सांगा, पण एकटे या. लेकरू उपाशी गेलं, हे आपल्या दोघांतच राहू द्या.