गटाबाहेरचा आकडा

ता. ३ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.
आमच्या अभ्यासाची प्रश्नावली सोबत आहे. तज्ज्ञ म्हणजे तीस डॉक्टर, आणि आईला घरी सांभाळणारी तू. कोणाला कोणाचं नाव कळत नाही. प्रत्येक विधानाला एक ते नऊ गुण द्यायचे (एक म्हणजे मुळीच मान्य नाही, नऊ म्हणजे पूर्ण मान्य), मग इतरांची मतं पाहून पुन्हा. तीन फेऱ्यांत एकमत होतं. सातवं विधान नीट वाच: ‘स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात नाकातली नळी काढून तोंडाने जमेल तेवढंच भरवावं.’ आईच्या नळीचंही त्यावरच ठरवू, म्हणजे आपल्यात वाद नको.
तुझा धाकटा

ता. १० मार्च
चि. डॉक्टरसाहेबांस अनेक आशीर्वाद.
मी तज्ज्ञ झाल्याचं आईचा डायपर बदलताना तिला सांगितलं. तिने हरकत घेतली नाही. सातव्याला मी एक दिलाय. वादात विरोधी बाजू, पूर्वपक्ष, मांडायला कोणीतरी लागतंच. कारणही लिहिलंय: केस विंचरताना ती अजून माझ्या हाताकडे मान वळवते.
फोटोत तुझ्या कॉलरमध्ये दोन माना मावतील. जेवत जा.
ताई

ता. २९ मार्च
ती. ताईस सा. न.
गटाचा मधला आकडा आठ, तुझा एक. नियमाप्रमाणे विचारतो, फेरविचार करशील? तुझं कारण नाव न घालता सगळ्यांना पाठवलंय. यायचं मनात आहे, पण काम हलू देत नाही.
धाकटा

ता. ६ एप्रिल
चि. धाकट्यास आशीर्वाद.
एक म्हणजे एकच. शास्त्रार्थात डोकी मोजतात, हे आमच्या संस्कृतच्या गुरुजींनी शिकवलं नव्हतं.
आई नळी उपसते, म्हणून नर्सबाईंनी तिचे हात पलंगाला बांधायला सांगितलेत. पट्ट्या मऊ आहेत. मीच बांधते.
ताई

ता. २ मे
ती. ताईस सा. न.
तुझ्या त्या एका वाक्याने कमाल केली! एकेकाने आकडा खाली आणला. मधला आता दोन. नळी ठेवावी, असंच ठरणार. म्हणजे आईचीही राहील. जिंकलीस! तुझा शेवटचा कागद तेवढा राहिलाय.
धाकटा

ता. ९ मे
चि. धाकट्यास आशीर्वाद.
कागद सोबत आहे. सातव्याला नऊ दिलेत.
तुमचे तज्ज्ञ माझं वाक्य वाचून बदलले. मी आईकडे बघून. परवा केस विंचरले, तिने मान वळवली नाही. पट्ट्या सोडल्या, तरी हात बांधल्यासारखेच पडून राहिले. ही शिस्त तिला मी लावली.
गटाचं एकमत तुम्हाला लखलाभ. पुढच्या सोमवारी नर्सबाई नळी काढतील. त्याआधी ये, आणि डॉक्टरला तिकडेच ठेवून ये. फेरविचाराचं मात्र विचारू नकोस.
पहिला चमचा तू भरव. तिने तोंड उघडलं नाही, तर ते बघायला आपण दोघं असू.
लोभ आहेच, त्याच्या फेऱ्या नकोत.
तुझी ताई