तुझं पिस्तूल अजून तयार नाही

प्रिय एमेट,

तीन मंगळवार तू दुकानात येतोयस आणि तिन्ही वेळा मी तुला तेच ऐकवलं, की नेम धरायचा नवा ठिपका अजून आला नाही. गेल्या खेपेला काउंटरवर बोटं वाजवत तू म्हणालास, "वर्ना, तुझ्या बापाने एवढ्या वेळात अख्खी बंदूक घडवली असती." घडवली असती, खरंच. बाबांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. पण तुझ्याशी समोरासमोर या पिस्तुलाबद्दल बोलायला गेले की मी थट्टेवर जाते आणि तू खिडकीबाहेर बघायला लागतोस. म्हणून आज वही घेऊन बसले आहे.

पलीकडच्या जिल्ह्यातल्या पोलिसांनी नवी पिस्तुलं घेतली आणि जुनी बारा माझ्या गळ्यात मारली. तू शेरिफच्या कचेरीत चोवीस वर्षं कमरेला लावलंस तसलीच, पूर्ण आकाराची, जड. कमरेच्या चामडी म्यानात घासून कडांचा काळा रंग उडालेला आणि नळी आतून जवळजवळ कोरी, कारण पोलीस पिस्तूल वागवतो फार आणि झाडतो क्वचित. तुला त्यातलं एक हवंय म्हणालास तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, तुझी ज्युनी गेल्यापासून पहिल्यांदा या माणसाला काहीतरी हवंसं वाटतंय.

मग मी ते तुझ्या हातात दिलं, आणि तू ते उघडून बघितलं नाहीस. आपल्या गावात सख्ख्या आईने बंदूक हातात दिली तरी माणूस आधी ती रिकामी आहे का ते बघतो. आणि तू तर चर्चच्या तळघरात अर्ध्या गावाच्या पोरांना हेच शिकवलंस. माझ्या मुलीने एकदा न बघता रायफल बाजूला ठेवली, तेव्हा तू तिला शिकार-वर्गातून घरी पाठवलं होतंस. ती रडत आली आणि मी तुझ्याशी महिनाभर बोलले नाही. तोच तू माझ्या हातातून पिस्तूल घेतलंस, बशी धरावी तसं धरलंस आणि म्हणालास, "चालेल, हेच दे." चाप ओढून बघितला नाहीस, नळीत डोकावला नाहीस, एक खोट काढली नाहीस. मला तेव्हाच शंका आली.

खात्री करायची म्हणून मी तुला दागिने दाखवले. तुझाच शब्द आहे हा. कुणी पिस्तुलाला काही नवं बसवून घ्यायला आलं की तू मागून म्हणायचास, "आता बांगड्या पण भर की तिच्या हातात." मी म्हटलं, अंधारात चमकणारा ठिपका बसवूया? हो म्हणालास. चापाची स्प्रिंग बदलूया, जरा हलका होईल? हो. अक्रोडाच्या लाकडाची मूठ? "तुला बरं दिसेल ते कर." एमेट, बेचाळीस वर्षांत तू मला असं कधी म्हणाला नाहीस. माझ्या लग्नातल्या केकचा रंगसुद्धा तुला पटला नव्हता. दागिने बसले की मग कागद भरू, असं सांगून मी तुला परत पाठवलं आणि पिस्तूल आतल्या कपाटात ठेवलं.

तेव्हापासून गावातल्या बातम्या मी निराळ्या कानाने ऐकते आहे. तुझा टिक हार्वीच्या अंगणात बांधलेला दिसला. मी विचारलं तर हार्वी म्हणाला, "एमेट म्हणे आता कुत्रं सांभाळणं होत नाही त्याच्याच्याने. चांगला शिकारी कुत्रा फुकट दिला, मी कशाला नको म्हणू?" तुझ्या रायफली ऑगस्टमध्येच पुतण्याकडे गेल्या. नदीत मासे चढायला लागलेत आणि तुझे गळ, दोऱ्या, उंच बूट सगळं चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत टेबलावर मांडलेलं होतं. बायका म्हणत होत्या, किती व्यवस्थित माणूस, बायको गेल्यावर घर कसं आवरून टाकलं. मी तिथे खिळल्यासारखी उभी होते. शेवटी तुझे बूट मीच विकत घेतले. माझ्या पायाला ते चार बोटं मोठे आहेत.

लाईल होल्टबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. कुणाशीच बोलले नाही. काही वर्षांपूर्वी तो असाच एक वापरलेलं पिस्तूल घ्यायला आला होता. तो कामाला होता ती गिरणी बंद होऊन वर्ष झालं होतं. त्यानेही उघडून बघितलं नाही, आणि मी हसून म्हटलं, "लाईल, एमेटने बघितलं असतं तर कानाखाली दिली असती." तोही हसला. कागद भरले, सरकारी तपासणीचा फोन झाला, मंजुरी आली, मी खोकं बांधून दिलं. रविवारी त्याला पुरलं. महिन्याने त्याची बायको मार्लीन दुकानात आली. ती ओरडेल म्हणून मी तयार होते, पण तिने एवढंच विचारलं, "त्या दिवशी तो कसा होता गं?" मी म्हटलं, हसत होता. तिने मान हलवली आणि गेली. मी सगळं नियमाने केलं होतं, असं मला सगळे सांगतात. मला ते रोज सकाळी दुकान उघडताना खोटं वाटतं.

तर आता खरं सांगते. तुझं पिस्तूल दुसऱ्याच दिवशी तयार झालं. ठिपका माझ्या खणातच होता. पुढच्या मंगळवारी तू परत येशील एवढ्याचसाठी मी तुला खोटं सांगत राहिले, आणि काल तू म्हणालास, "राहू दे, मी दुसरीकडे बघतो." म्हणून ऐक. ते पिस्तूल मी तुला विकणार नाही. आजूबाजूच्या तिन्ही दुकानांना मी फोन केलेत, तुझं नाव सांगून. या धंद्यात आम्ही एकमेकांसाठी एवढं करतो. तुला राग येईल, तुझी अब्रू गेली असं वाटेल. माझ्यावर ओरड, मी ऐकून घेईन. डॉक्टरकडे मी तुला घेऊन जाईन, त्यांना सांगून ठेवलंय. तुला मरायचं आहे का, एमेट, हा प्रश्न मी तुला पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारायला हवा होता. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. सकाळचे नऊ वाजलेत, माझी गाडी तुझ्या अंगणात उभी आहे आणि आज दुकान बंद आहे. दार उघड. आता मी तोंडाने विचारणार आहे, आणि तू उत्तर दिल्याशिवाय जाणार नाही.

तुझीच,
वर्ना