स्लॅबवर चढवलेली तिवस्याची माती

अकोला, भर दुपार

आदरणीय भगवंतराव,

तुमच्या घरचा जावई वामनराव याचा दंडवत. (जावई असून दंडवत घालून राहिलो, यातच काय ते समजा.) गुडघे काय म्हणतात? वहिनींची तब्येत बरी? तुमची बहीण माणिकबाई तुमच्याकडंच आहे, म्हणजे मजेतच असंन. "छपरावर माती राहीन, नाहीतर या घरात मी राहीन," असं म्हणून ती तिवस्याले निघून आली, हे तुमच्या कानावर गेलंच असंन. पण मी त्याच्यासाठी लिहून नाही राहिलो. मी घराचं सांगाले लिहून राहिलो.

अवो भगवंतराव, काय घर झालं! आमची गल्ली तुमाले माहीतच आहे. समोरचे खुशालराव खोकलले का आमी इकडून 'पाणी प्या' म्हणतो, एवढी ऐसपैस. त्या गल्लीत आता आमच्या भिंतीवर दोडक्याचा वेल चढला, आंघोळीचं पाणी केळीले जाते अन् छपरावर अंबाडी डुलते! सारं अकोला भाजून निघून राहिलं अन् आमी कूलर बंद करून बसलो! परवा दुपारी मले चादर घ्यावी लागली. (थोडं वाढवून सांगतो, पण पायावर घेतली होती.) लोक चप्पल काढून घर पाहाले येतात.

नकाशा तुमच्या भाचीचा, प्रतीक्षाचा. ती म्हणे, बाबा, आधी स्लॅबवर पाणी झिरपणार नाही असा थर घाला, मंग नारळाचा भुसा अन् शेणखत, तेही पातळ. मी म्हटलं, पोरी, वऱ्हाडातल्या माणसाले माती शिकवतं काय? वावरात कोणी खाली प्लास्टिक हातरते काय? तुमी ट्रॉलीभर काळी माती धाडली. माहेरची माती घरावर येते म्हणून माणिकबाई केवढी खुश होती! फक्त एक गोष्ट मी इसरलो. आपल्याकडं घर बांधाचं म्हटलं का मुरूम लागेपर्यंत काळी माती उकरून फेकतात, काहून का ती ओली झाली का फुगते अन् वाळली का फाटते. जे सारं जग पायाखालून काढते, ते मी दोरीनं ओढून डोक्यावर नेऊन ठेवलं. खुशालराव विचारत होते, "वामनराव, पाया वरून घालून राहिले काय?" मले वाटलं, जळते मेला.

मंग ऊन तापलं अन् वरच्या मातीले हात जाईन एवढ्या भेगा पडल्या. मी पाइप सोडला अन् पेपर वाचत बसलो. पाणी भेगेतून थेट स्लॅबात, स्लॅबातून स्वयंपाकघरात, अन् तिथून नेमकं कुरोड्यांच्या पिंपात! गहू भिजवून, चीक शिजवून, कंबर मोडून तिनं केलेल्या वर्षाच्या कुरोड्या, भगवंतराव! पुन्हा चीक झाला त्यायचा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिंपाकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं अन् पिशवी भराले घेतली.

असो. बाकी घर फस्टक्लास आहे. वहिनींले नमस्कार.

तुमचा,
वामनराव

ता. क. तुमची ट्रॉली रिकामी असंन तर घेऊन या. माती उतरवाले मी कालपासूनच घेतली. प्रतीक्षा म्हणते तसा थर घालू, भुसा घालू, मी तोंड उघडणार नाही. अन् येतानी ट्रॅक्टरवर माणिकबाईले बसवून आणा. घर थंड झालं, पण एकट्यानं जेवाले बसलो तरी मी अजून दोन ताटं घेतो.

ता. क. दोन. कुरोड्या मी स्वतः करून पाहिल्या. पातेलं फेकावं लागलं. कोणतं पातेलं, असं तिनं विचारलं तर माहीत नाही म्हणा.

ता. क. तीन. एका कोपऱ्यातली माती मात्र मी हलवली नाही. तिथं तिनं लावलेला मोगरा आहे. पाइपाले आता हात लावत नाही, तांब्यानं पाणी घालतो. आज त्याले कळी आली. एवढंच तिले वाचून दाखवा. बाकी पत्र फाडून टाकलं तरी चालते.